श्रीलंकेची निसर्गसहल आखताना आधी पहाटा मोजा

श्रीलंकेचं क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. मुंबईहून थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास कोलंबो येतं, घड्याळाचे काटेही हलवावे लागत नाहीत. त्यामुळे "एवढासा देश, आठवड्यात सगळा होईल" असं धरून सहल आखली जाते आणि तिथेच ती फसते. कोरडं झुडपी रान, अडीच हजार मीटरपर्यंत चढणारे डोंगर, सदाहरित वर्षावन, प्रवाळ, हत्ती, निळे देवमासे असं सगळं या बेटावर आहे. पण यातलं जवळजवळ प्रत्येक ठिकाण बघायची खरी वेळ एकच आहे, ती म्हणजे पहाटे साडेपाच ते सकाळी नऊ. पिदुरंगला या खडकावरचा सूर्योदय पहाटेच असतो. हॉर्टन प्लेन्स या पठाराचा कडा नऊनंतर ढगात जातो. जंगलाचं फाटक सहाला उघडतं आणि देवमासे दाखवणाऱ्या बोटी साडेसहाला सुटतात.

म्हणून सहल दिवसांत मोजू नका, पहाटांत मोजा. बारा रात्रींच्या सहलीत चांगल्या वापरता येतील अशा पहाटा पाच, फार तर सहा. प्रत्येक पहाटेसाठी आदल्या संध्याकाळी त्या ठिकाणाजवळ मुक्कामाला पोचलेलं असावं लागतं. शिवाय लागोपाठ दोन दिवस चारला उठलं, की तिसऱ्या दिवशी घरातली मुलं आणि आजी-आजोबा कुरकुरतात. पहाटा आधी ठिकाणांना वाटून द्या; दुपारी प्रवासाला आणि संध्याकाळी आरामाला आपोआप जागा मिळते.

आधी महिना, मग किनारा

श्रीलंकेला दोन पावसाळे आहेत आणि ते बेटाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना भिजवतात. आपल्याकडे येतो तोच नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर या काळात तिथला दक्षिण-पश्चिम किनारा आणि डोंगरांचा पश्चिम उतार झोडपतो. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारीत पूर्व आणि उत्तर भागात पडतो. मधल्या दोन संधिकाळांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुपारनंतर गडगडाटी सरी कुठेही येऊ शकतात. यांपैकी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ जास्त ओला.

याचा थेट अर्थ असा, की एकाच सहलीत दोन्ही किनाऱ्यांचा समुद्र चांगला मिळेल अशी आशा धरू नये. डिसेंबर ते एप्रिल असेल तर मिरिस्सा, उनावटुना, तंगल्ले हा दक्षिण किनारा. मे ते सप्टेंबर असेल तर त्रिंकोमालीजवळचं निलावेली किंवा पूर्वेचा अरुगम बे. मधले डोंगर आणि कोरडा पट्टा दोन्ही हंगामांत होतात.

मराठी घरांच्या सुट्ट्या यात कुठे बसतात ते पाहू. नाताळची सुट्टी दक्षिण किनाऱ्याला चांगली, पण तेव्हा हॉटेलं सगळ्यात महाग असतात आणि डोंगरात पावसाची शेपटी रेंगाळलेली असते. जानेवारी अखेर ते मार्च हा काळ सगळ्यात भरवशाचा. शाळेचं बंधन नसलेल्यांनी तोच धरावा. एप्रिलच्या परीक्षा संपल्या की लगेच निघणाऱ्यांना दक्षिण किनारा अजून मिळतो. मात्र १३-१४ एप्रिलच्या सुमारास सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. तेव्हा दुकानं बंद राहतात, ड्रायव्हर घरी जातात आणि नुवारा एलियाला खुद्द श्रीलंकेतल्याच पर्यटकांची जत्रा भरते. मे महिन्यात पूर्व किनारा धरा. दिवाळीची सुट्टी निसर्गसहलीसाठी सगळ्यात कच्ची. तेव्हा जायचंच असेल तर प्रत्येक गोष्ट सकाळी अकराच्या आत उरकायची, देवमासे यादीतून काढायचे आणि डोंगरात दरडींच्या सूचनांवर लक्ष ठेवायचं.

किलोमीटर नाही, तास

डोंगरातल्या रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटर पडले तरी खूप. सपाटीवरही गावं, शाळा आणि टुकटुकांमधून चाळीसच्या पुढे सरासरी जात नाही. अपवाद द्रुतगती महामार्गांचा. कोलंबोहून गॉल, मातारामार्गे हंबनटोटाकडे जाणारा दक्षिण महामार्ग खराच वेगवान आहे, म्हणून परतीचा प्रवास दक्षिणेकडून ठेवावा.

पुढच्या मार्गातले तास साधारण असे धरा. कोलंबोचा कटुनायके विमानतळ ते सिगिरिया चार. सिगिरिया ते कँडी अडीच ते तीन. कँडी ते नुवारा एलिया तीन, कारण अंतर ऐंशी किलोमीटरच असलं तरी चढ चौदाशे मीटरचा आहे. नुवारा एलिया ते एल्ला अडीच. एल्ला ते उडावलवे अडीच. उडावलवे ते देनियाया तीन. देनियाया ते मिरिस्सा अडीच. मिरिस्सा ते गॉल एक. गॉल ते विमानतळ महामार्गाने अडीच ते तीन. नकाशाचं अ‍ॅप जो वेळ दाखवेल त्यात जेवण, चहा आणि उलटी होणाऱ्या मुलासाठी थांबणं धरून पाऊण तास मिळवा.

गाडी आणि ड्रायव्हर

गाडी स्वतः चालवायचा विचार सोडा. वाहनं आपल्यासारखी डावीकडूनच चालतात हे खरं. पण परवान्यासाठी वेगळी स्थानिक मान्यता घ्यावी लागते, आणि घाटातल्या वळणावर अंगावर येणारी खासगी बस दिसली की सुट्टीची मजा उतरते. ड्रायव्हरसह गाडी दिवसाच्या दराने ठरते. ठरवताना या गोष्टी लेखी मागून घ्या: दरात इंधन आणि महामार्गाचा टोल आहे का, दिवसाला किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि वरच्या किलोमीटरचा दर काय, ड्रायव्हरचं जेवण-मुक्काम कोणाकडे, आणि तुम्हाला विमानतळावर सोडून तो रिकामा घरी जाईल त्याचे पैसे वेगळे आहेत का. हॉटेल घेतानाही तिथे ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का ते विचारा. रात्रभर गाडीत झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुम्हाला घाटातून नेणार असतो.

मसाल्यांच्या बागा, रत्नांची दुकानं, मुखवट्यांचे कारखाने इथे पर्यटक नेले की ड्रायव्हरला कमिशन मिळतं. यात गुन्हा काही नाही, पण दिवसातला दीड तास जातो आणि तोच दीड तास धबधब्याला कमी पडतो. "आम्हाला खरेदीला थांबायचं नाही, शेवटी तुमची बक्षिशी नीट देऊ" असं पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगितलं की प्रश्न मिटतो.

बारा रात्रींचा मार्ग (जानेवारी ते मार्च)

*पहिली रात्र, नेगोंबो.* विमानतळापासून जेमतेम दहा किलोमीटर. कोलंबोत शिरू नका. शहराची रहदारी ओलांडून पुन्हा त्याच बाजूने उत्तरेला यायचं असतं.

*दुसरी आणि तिसरी रात्र, सिगिरिया किंवा हबरणा.* दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत पोचा, जेवा आणि तीन वाजता जीपने हत्ती बघायला निघा. या भागात मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलू ही तीन जंगलं एकमेकांना लागून आहेत आणि हत्ती पाणी असेल तसे त्यांच्यात फिरत राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाचा तलाव आटतो, उघड्या पडलेल्या पात्रात कोवळं गवत फुटतं आणि शेकडो हत्ती तिथे जमतात. हा तलाव राजा महासेनाने तिसऱ्या शतकात शेतीसाठी बांधला. म्हणजे आज दिसणारा हा सोहळा सतराशे वर्षांपूर्वीच्या पाटबंधाऱ्याची देणगी आहे. जानेवारी ते मार्च मात्र तलाव भरलेला असतो, तेव्हा हत्ती बहुधा हुरुलूकडे असतात. "आम्हाला मिन्नेरियाच हवं" असा हट्ट धरू नका. त्या दिवशी हत्ती कुठे आहेत ते जीपवाल्याला विचारा आणि तो सांगेल त्या फाटकाचं तिकीट काढा.

तिसरी सकाळ ही पहिली पहाट. सिगिरियाच्या खडकावर सगळेच चढतात, पण सूर्योदयासाठी समोरचा पिदुरंगला चांगला, कारण तिथून सिगिरियाचा खडकच समोर दिसतो. पायथ्याशी देऊळ आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि देवळाच्या आवारात अनवाणी जावं लागतं. चढ अर्ध्या तासाचा असला तरी शेवटच्या टप्प्यात मोठमोठ्या शिळांवरून हातापायांनी चढावं लागतं. अंधार असतो, म्हणून कपाळाला लावायचा टॉर्च हवा; मोबाईलचा टॉर्च धरला की एक हात गुंततो. गुडघे दुखणाऱ्यांनी शिळांच्या खाली थांबावं, त्यात कमीपणा काही नाही.

सिगिरियाचा खडक त्याच दिवशी दुपारी साडेतीननंतर करा. पायऱ्या बाराशेच्या आसपास. कश्यप राजाने पाचव्या शतकात इथे राजधानी केली. भिंतीवर रंगवलेल्या अप्सरांच्या चित्रांपर्यंत जाणारा जिना अरुंद आहे आणि सकाळी तिथे रांग खोळंबते. खडकावर गांधीलमाश्यांची मोहोळं आहेत, शांत राहण्याचे फलक आहेत ते त्यासाठीच. उग्र अत्तर नको, आरडाओरडा नको. पासपोर्ट सोबत ठेवा, सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट सवलतीत मिळतं.

*चौथी रात्र, कँडी.* आज उशिरा उठा. वाटेत दांबुल्लाच्या लेण्या आणि दुपारी पेरादेनियाचं वनस्पती उद्यान. हे उद्यान १८२१ साली सुरू झालं, जवळपास साठ हेक्टर आहे आणि तीन बाजूंनी महावेली नदीने वेढलेलं आहे. दोन तास तरी द्या. माडांच्या आणि ताडांच्या रांगा, हिरवळीवर पसरलेला जावा बेटाचा प्रचंड वड, आणि उंच झाडांना उलटी लटकलेली वटवाघळं यांत मुलंही रमतात.

*पाचवी रात्र, नुवारा एलिया.* समुद्रसपाटीपासून सुमारे १,८७० मीटर. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि बऱ्याच हॉटेलांत हीटर मागावा लागतो, तेव्हा खोली घेतानाच विचारा. संध्याकाळी लवकर जेवून झोपा.

*सहावी सकाळ, हॉर्टन प्लेन्स.* ही दुसरी पहाट आणि साऱ्या सहलीतली सगळ्यात मोलाची. फाटक सहाला उघडतं, तिथे पोचायला नुवारा एलियाहून सव्वा ते दीड तास लागतो. म्हणजे साडेचारला निघायचं, आणि हॉटेलला आदल्या रात्रीच डब्यात नाश्ता बांधून द्यायला सांगायचं. फाटकावर पिशव्या तपासतात. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं आत नेऊ देत नाहीत. पोळीभाजी फॉइलऐवजी स्टीलच्या डब्यात न्या.

फेरी सुमारे साडेनऊ किलोमीटरची, निवांत चालून तीन ते चार तास. वाट फुटते तिथे बेकर्स धबधब्याकडे न वळता आधी छोट्या वर्ल्ड्स एंडकडे जा आणि तिथून मोठ्या वर्ल्ड्स एंडला. इथे पठार एकाएकी संपतं आणि समोर साडेआठशे मीटरहून खोल कडा असतो. सकाळी साडेसातला खालच्या चहाच्या मळ्यांतली घरं मोजता येतात. खालची हवा तापू लागली की बाष्प कड्याला धरून वर चढतं. आधी दरीच्या तळाशी पिंजलेल्या कापसासारखा पुंजका दिसतो, मग तो कड्याच्या पोटापर्यंत येतो आणि दहा मिनिटांत समोर नुसता पांढरा पडदा उरतो. धबधबा ढगातही दिसतो, कडा दिसत नाही. म्हणून उलट्या दिशेने फेरी घालणाऱ्यांची निराशा होते. कड्याला सगळीकडे कठडे नाहीत, मुलांचा हात धरा.

परतीच्या वाटेवर घाई करू नका. इथलं गवताळ माळरान स्थानिक भाषेत "पटना" म्हणून ओळखलं जातं. त्याच्या कडेने बुटकी, वाऱ्याने वाकलेली, शेवाळाने लडबडलेली झाडं आहेत आणि मधूनच लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन. सांबरं वाहनतळाजवळच बिनधास्त फिरतात. त्यांना बिस्किटं घालणारे लोक दिसतील. तुम्ही घालू नका. सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच मोठा पट्टा मानला जातो. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात फिरलेल्या माणसाला इथे बरंच काही ओळखीचं आणि बरंच अगदी नवं भेटतं.

दुपारी एल्लाकडे. नानू ओया ते एल्ला हा अडीच-तीन तासांचा रेल्वेप्रवास जगभर गाजलेला आहे. कँडीपासून पूर्ण सात तास बसण्यापेक्षा एवढाच तुकडा घ्यावा आणि सामान ड्रायव्हरबरोबर रस्त्याने पाठवावं. वाटेतलं पट्टीपोला स्थानक सुमारे १,९०० मीटरवर आहे. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत; दुसऱ्या वर्गाचं आरक्षित तिकीट काढा. पण एक महत्त्वाची गोष्ट: नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळात या डोंगरी लोहमार्गाचं फार नुकसान झालं. कोणता टप्पा चालू आहे हे रेल्वेकडून खात्री केल्याशिवाय मुक्काम गाडीच्या वेळेवर बेतू नका. गाडी नसेल तर हाच प्रवास रस्त्याने होतो आणि वाटेत हक्गलाचं उद्यान आणि सीता एलियाचं सीता अम्मन मंदिरही करता येतं. दारात लटकून फोटो काढणाऱ्यांचं अनुकरण करू नका; बोगदे आणि झाडाच्या फांद्या अगदी अंगाला घासून जातात.

*सहावी आणि सातवी रात्र, एल्ला.* सातव्या दिवशी पहाट सोडा. सकाळी नाश्ता करून लिटल अ‍ॅडम्स पीक. चढ सोपा, पाऊण तासाचा, आजी-आजोबाही जातात. नंतर नऊ कमानींचा पूल. हा १९२१चा, दगड, विटा आणि सिमेंटचा, पोलादाशिवाय बांधलेला. खरी गंमत चहाच्या मळ्याच्या उतारावरून बघण्यात आहे, रुळांवर बसण्यात नाही.

*आठवी रात्र, उडावलवे.* वाटेत दियालुमा. २२० मीटरचा हा धबधबा खालून रस्त्यावरूनही दिसतो, पण वरच्या नैसर्गिक कुंडांपर्यंत जायचं तर पायवाट चालावी लागते आणि चार तास मोडतात. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर वर जाऊच नका. खडक निसरडे होतात आणि वरच्या बाजूला पाऊस पडला की पाणी अचानक वाढतं. संध्याकाळी उडावलवेच्या हत्ती संगोपन केंद्रात या. आईपासून दुरावलेली पिल्लं इथे १९९५पासून सांभाळतात आणि मोठी झाली की जंगलात परत सोडतात. त्यांना दूध पाजण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि बघायचं ते लांबच्या सज्जातून. हात लावता येत नाही, तेच बरोबर आहे. पाठीवर बसवणारे, अंघोळ घालायला लावणारे "हत्ती अनुभव" जिथे विकतात तिथे पैसे देऊ नका.

*नववी सकाळ* ही तिसरी पहाट, उडावलवेच्या जंगलात. बिबट्यासाठी लोक "याला" नावाच्या जंगलाकडे धावतात. यालाच्या पहिल्या विभागात बिबटे दाट आहेत हे खरं, पण तेवढ्याच दाट जीपाही आहेत. एक बिबट्या झाडावर दिसला की वायरलेसवरून बातमी जाते आणि धुळीत वाहनांची रांग लागते. कुटुंबासाठी उडावलवे बरं: मोकळं गवताळ रान, वर्षभर हत्ती, जलाशयाच्या काठी मगरी, रंगीत करकोचे, मोर. बिबट्याचंच वेड असेल तर यालाला एक नव्हे, दोन फेऱ्या धरा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुष्काळामुळे पहिला विभाग काही आठवडे बंद ठेवतात, हेही ध्यानात असू द्या. जंगलाचा खर्च विचारताना फक्त जीपचं भाडं विचारू नका. माणशी प्रवेश, गटाचा सेवा आकार, वाहनाचा आकार, कर आणि जीप असे त्याचे पाच भाग असतात. सगळे मिळून आकडा घ्या. चौघांत एक जीप केली की गटाचे आकार वाटले जातात.

*नववी रात्र देनियाया, दहाव्या सकाळी सिंहराजा.* श्रीलंकेतलं उरलेलं सगळ्यात मोठं सखल वर्षावन हेच. १९८८पासून जागतिक वारसा यादीत आहे. आत गाडी जात नाही, वाटाड्या घ्यावाच लागतो. सात वाजता शिरा आणि दुपारच्या सरीआधी, बारापर्यंत बाहेर या.

इथे बघायची पद्धत वेगळी आहे. पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही, नुसता ओल्या पाचोळ्याचा वास आणि वरून ठिबकणारं पाणी. मग एकदम कलकलाट होतो आणि पक्ष्यांचा मिश्र थवा येतो. पुढे नारिंगी चोचीचे सातभाई आणि कोतवाल, मागोमाग डझनभर जातींचे पक्षी. सातभाई पाचोळा हलवतात, उडालेले किडे बाकीचे टिपतात, धोका दिसला की कोतवाल ओरडतो. हा थवा दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. त्या वेळी चालू नका, बोलू नका, दुर्बीण गळ्यातच हवी, पिशवीत नको. निळा, लालचुटूक चोचीचा, लांब शेपटीचा पक्षी दिसला तर तो श्रीलंकेचा निळा मॅगपाय, फक्त याच बेटावर सापडणारा.

जळवा लागणारच. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांना त्या ठाऊक आहेत, बाकीच्यांनी घाबरू नये. त्या रोग पसरवत नाहीत. गुडघ्यापर्यंतचे विणीने घट्ट असे जळूमोजे वाटाड्याकडे मिळतात, ते पॅन्टवरून चढवा. मोज्यांना साबणाची वडी घासली तर त्या कमी चढतात. चिकटलेली जळू चिमटीत धरून ओढू नका. नख तिच्या तोंडाच्या बाजूने कातडीलगत सरकवा, ती सुटते. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम बारीक असूनही अर्धा-पाऊण तास वाहते. स्वच्छ धुऊन पट्टी बांधा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी मात्र ही फेरी आधी डॉक्टरांना विचारूनच करावी.

*दहावी आणि अकरावी रात्र, मिरिस्सा.* अकरावा दिवस पूर्ण मोकळा ठेवा. इथवर आलेला माणूस थकलेला असतो आणि समुद्राला वेळापत्रक नको असतं. पोहताना लाल बावटा पाळा. पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडलात की मग वळा.

*बारावी सकाळ, देवमासे.* चौथी पहाट. दोंद्रा टोकाजवळ समुद्राचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, म्हणून निळा देवमासा इथे किनाऱ्याच्या इतक्या जवळ येतो. हंगाम डिसेंबर ते एप्रिल. बोट आदल्या संध्याकाळी ठरवा, वारा आणि लाटा बघून. विचारायचे प्रश्न दोनच: बोट देवमाशापासून शंभर मीटर लांब थांबते का, आणि देवमासा दिसला नाही तर काय. जी बोट "अगदी जवळ नेतो" म्हणते ती सोडून द्या. पाठलाग झाला की देवमासा डुबी मारतो आणि सगळ्यांचाच दिवस जातो.

सहल तीन ते पाच तासांची, आणि निम्मे लोक बोट लागून आजारी पडतात. गोळी बोटीत बसल्यावर नव्हे, निघायच्या तासभर आधी घ्यायची, तीही डॉक्टरांना विचारून ठरवलेली. कोरडी बिस्किटं आणि केळं खा, उपाशी जाऊ नका. खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला मध्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाईलच्या पडद्यावर ठेवली की दहा मिनिटांत पोट ढवळतं.

दुपारी गॉल. *बारावी रात्र* किल्ल्याच्या आत काढा आणि सूर्यास्ताला तटावर फेरी मारा. तेराव्या दिवशी महामार्गाने विमानतळ.

आठच रात्री असतील तर

प्रत्येक ठिकाणी एक रात्र कापून सगळं बसवू नका, ठिकाणंच कमी करा. विमानतळावरून थेट सिगिरिया दोन रात्री, नुवारा एलिया दोन, एल्ला एक, उडावलवे एक, मिरिस्सा दोन. कँडी फक्त वाटेत. सिंहराजा सोडावं लागतं आणि ते वाईट वाटण्यासारखंच आहे. पक्ष्यांची आवड असेल तर मिरिस्साची एक रात्र देऊन देनियाया घ्या.

मे ते सप्टेंबरमध्ये सिगिरियानंतर निलावेलीला तीन रात्री ठेवा. तिथल्या पिजन बेटाभोवती उथळ पाण्यात प्रवाळ आणि काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क दिसतात, तेही सकाळीच. प्रवाळावर उभं राहू नका. नंतर कँडी, एल्ला, उडावलवे आणि परत. सिंहराजा आणि दक्षिण किनारा त्या वेळी वगळा.

काय कधी पक्कं करायचं

तीन महिने आधी विमान, आणि नुवारा एलिया-एल्लाची हॉटेलं. प्रवेशाची ऑनलाइन परवानगी, म्हणजे ईटीए, श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. त्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे घेतात, आणि भारतीयांसाठीचं शुल्क व नियम अलीकडे अनेकदा बदलले आहेत. रेल्वेचं आरक्षण तीस दिवस आधी उघडतं आणि लोकप्रिय गाड्यांच्या जागा त्याच दिवशी संपतात. पौर्णिमेच्या तारखा कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा: "पोया"ची सार्वजनिक सुट्टी असते, देवळांत आणि रस्त्यांवर गर्दी होते, मद्यविक्री बंद असते. फेब्रुवारी २०२४पासून श्रीलंकेत यूपीआय सुरू झालं असलं तरी जीपवाला, वाटाडा, रस्त्याकडेचं शहाळं यांना रोख श्रीलंकन रुपयेच लागतात.

शाकाहारी माणसाचे इथे हाल होत नाहीत. भाताबरोबर डाळ, फणसाची भाजी, भोपळा, हिरव्या पाल्याची कोशिंबीर येते. कोकणातल्या शिरवाळ्यांसारखा "इंदिआप्पा" नाश्त्याला मिळतो. फसवणूक होते ती "पोल सांबोल" या ओल्या खोबऱ्याच्या चटणीत. तिच्यात बऱ्याचदा "उंबलकड", म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. "मस एपा, मालू एपा, उंबलकड एपा" एवढं पाठ करा: मांस नको, मासे नको, सुका मासा नको. नंतर मातीच्या गाडग्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर भेर्ली माडाची काकवी मागवा.

सामानात एक उबदार जाकीट, हलका रेनकोट, कपाळाचा टॉर्च, स्टीलचे डबे आणि बाटल्या, डासांचं मलम, क्षारसंजीवनीची पाकिटं. मलेरियातून श्रीलंका २०१६ साली मुक्त जाहीर झाली, डेंग्यू मात्र आहे. बऱ्याच हॉटेलांत तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, आपला गोल पिनांचा चार्जर त्यात बसत नाही. अ‍ॅडॉप्टर इथूनच घेऊन जा. आणि हॉर्टन प्लेन्ससाठी लागणारं जाकीट, टोपी, बूट एका वेगळ्या पिशवीत भरून ती सुटकेसच्या अगदी वर ठेवा. पहाटे चारला, थंडीत, झोपलेल्या मुलांच्या खोलीत दिवा न लावता ती हाताला लागली पाहिजे.